करडू काय म्हणालं

थिएटरातला पिक्चर शुक्रवारी बदलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मापसाहेबांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण "या रविवारी नको, पुढच्या रविवारी नक्की" असं म्हणता म्हणता बरेच शुक्रवार येऊन गेले. मापसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराच्या काट्यात केसाएवढा फरक असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. म्हणून तर इमारतीत त्यांना सगळे मापसाहेब म्हणत आणि त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलाला माहीत होतं. अशा माणसाने स्वतःच्या शब्दाला मात्र कधी काटा लावला नाही, ही त्यांच्या बायकोची जुनी तक्रार.

तर एका रविवारी दोन्ही मुली इस्त्रीचे फ्रॉक घालून थिएटरच्या दारात उभ्या राहिल्या, आणि जिथे तोंड उघडं टाकलेल्या एका गोजिरवाण्या करडाचं चित्र असायला हवं होतं तिथे बंदूक घेतलेला एक मिशाळ माणूस होता.

"करडाचा पिक्चर?" दारावरचा माणूस म्हणाला. "तो गेला. चांगला होता."

त्यातलं 'चांगला होता' हे न सांगताही चाललं असतं.

थोरली तिथेच रडायला लागली. रडणाऱ्या मुलीचं काय करायचं ते मापसाहेबांना माहीत होतं: आइसक्रीम. पण धाकटी रडली नाही. तिने चपलेचं टोक फरशीवर घासलं आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "असू दे, बाबा."

हे 'असू दे' मापसाहेबांना घरापर्यंत पुरलं. जेवताना ते भात नुसताच चिवडत बसले. बायको काही बोलली नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची, त्यामुळे घरी आल्यावर न बोलण्याची किंमत तिला बरोबर कळत होती. शेवटी मापसाहेबांनी ताट सारलं आणि जाहीर केलं, "आपणच काढू पिक्चर. करडाचा."

"कशाने?" बायकोने विचारलं.

कशाने हा प्रश्न नव्हताच. बायकोचा भाऊ, म्हणजे मुलींचा मामा, बोटीवर नोकरीला होता. मागच्या सुटीत त्याने एक व्हिडिओ कॅमेरा आणला होता आणि पुढच्या सुटीपर्यंत तो बहिणीकडे ठेवला होता. ठेवताना तो "वापरा" असं म्हणाला होता की "वापरू नका" असं, यावर घरात दुमत होतं. मापसाहेबांनी आपल्याला ऐकू आलं ते खरं मानलं.

अडचण एवढीच होती की घरातल्या कुणीच तो पिक्चर पाहिलेला नव्हता. एक बोलणारं करडू असतं, ते घरच्यांपासून हरवतं आणि त्यांना शोधत फिरतं, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे जो तो आपलं घोडं दामटत होता. थोरलीची मैत्रीण म्हणे, करडू ट्रकमधून पडतं. वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणे, ट्रक नाही, पूर येतो. आणि तळमजल्यावरच्या नाटकवाल्या काकांनी पिक्चर पाहिला नव्हता, तरी संपूर्ण कथा त्यांना ठाऊक होती.

काकांनी तरुणपणी एका नाटकात दरबानाचं काम केलं होतं. वाक्य एकच: "महाराज, पाहुणे आले आहेत." त्या एका वाक्याच्या भांडवलावर इमारतीतल्या कलाविषयक प्रश्नांत शेवटचा शब्द त्यांचा असे. ते म्हणाले, "मापसाहेब, शेवट महत्त्वाचा. आई आणि करडू यांची भेट. तिथे प्रेक्षक रडला पाहिजे. बाकी मधे काय वाटेल ते घाला."

हा सल्ला पुढे नको इतका खरा ठरायचा होता.

पहिला खोडा सोसायटीच्या सेक्रेटरींनी घातला. आवारात जनावर आणायचं तर अर्ज हवा, आणि अर्जात 'कुत्रा' आणि 'मांजर' अशा दोनच जागा होत्या. आवारातली मेंदीची कुंपणं सेक्रेटरी स्वतःच्या मिशीसारखी जपत, हे खरं कारण. काका मध्यस्थीला धावले. "अहो, करडू हे पाळीव प्राणी म्हणून येतच नाही. ते कलाकार म्हणून येतंय."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "कलाकार म्हणजे व्यावसायिक वापर आला. त्याला सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल."

काकांनी विरोध केला असता तरी परवडलं असतं, पण त्यांनी मदत केली. आवार हातचं गेलं.

मग मापसाहेब इमारतीमागच्या लाकडाच्या वखारीपलीकडे गेले. तिथे पत्र्याच्या गोठ्यात शेळीवाली मावशी राहायची. तिच्या एका शेळीला नुकतंच करडू झालं होतं; काळं, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चारही पाय चार दिशांना जाणारे. मावशी करडू द्यायला तयार झाली, पण तिची अट होती. पिक्चरमध्ये तीही असणार.

"करडाची मालकीण हो," मापसाहेब उदारपणे म्हणाले. "ती त्याला विकून टाकते."

"मी कशाला विकू? माझी मालकीण चांगली असेल."

मालकीण चांगली निघाल्यामुळे कथेतला खलनायकच गेला. ती जागा भरायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून करडू पळवणाऱ्या दुष्ट माणसाचं काम मापसाहेबांनी स्वतःकडे घेतलं. कॅमेरा बायकोच्या हातात, आणि मापसाहेब ऑफिसचा कोट घालून, करडू काखोटीला मारून वखारीच्या रस्त्याने धावताहेत, असं दृश्य ठरलं. त्या रस्त्यावर ज्याच्या काट्यावर त्यांनी गेल्याच महिन्यात शिक्का मारायला नकार दिला होता तो किराणावाला दुकानाच्या पायरीवर बसला असेल, हे काही ठरलेलं नव्हतं.

"साहेब," तो उठून नमस्कार करत म्हणाला, "आता हेसुद्धा तपासणीला नेता का?"

मापसाहेबांनी न थांबता मान हलवली. चोराने थांबायचं नसतं, असं काकांनी बजावलं होतं. पण त्यानंतर कित्येक वर्षं त्या दुकानात शिरताना त्यांची मान थोडी ताठच राहिली.

करडाचं बोलणं हा वेगळाच अध्याय. चघळायला काही दिलं की त्याचं तोंड हलतं, तेवढ्यात आपण आवाज द्यायचा, अशी युक्ती बायकोने काढली. करडू एरवी मिळेल ते चघळायचं. मापसाहेबांच्या कोटाचं एक बटण त्याने चवीने खाल्लं. पण कॅमेरा सुरू झाला की तोंड घट्ट मिटून बसायचं, कुणी शपथ घातल्यासारखं. शेवटी एकदाचं ते पाव चघळायला लागलं आणि बायकोने आवाज दिला. पण सवय ती सवय. तिच्या गळ्यातून करडू अत्यंत अदबीने म्हणालं, "कृपया सांगाल का, माझी आई सध्या कुठे उपलब्ध आहे?"

मावशी हसून हसून भिंतीला टेकली. मग करडाचा आवाज धाकटीकडे गेला. ती उकिडवी बसली, करडाच्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "आई, मी इथाय. तू कुठाय?" मावशीने हसणं आवरून पदर सावरला. थोरलीने तर पुन्हा डोळे पुसायला सुरुवात केली.

सगळं असंच चालतं तर चांगलं होतं. पण घरी टीव्हीला जोडून पाहिलं तेव्हा चिखलाने पांढऱ्या ठिपक्यासकट माखलेलं करडू पडद्यावर कोळशाच्या पोत्यासारखं दिसलं. काका म्हणाले, "नट रंगमंचावर जाण्याआधी तोंड धुतो, मापसाहेब." आणि शेवटच्या, म्हणजे आईच्या भेटीच्या दृश्यासाठी करडाला आंघोळ घालायचं ठरलं.

मामाने आणलेला एक वासाचा साबण कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवलेला होता. फार खास पाहुण्यांसाठी. पाहुणे पुरेसे खास न निघाल्यामुळे तो कधी फोडलाच नव्हता. तो फोडला. थोरली, जिला आता स्वतःच्या दोन मुली आहेत, ती अजून शपथेवर सांगते की तो गुलाबी होता. मापसाहेब म्हणतात हिरवा. आता दोघांची गाठ वर्षातून एकदा पडते आणि पहिल्या चहाला हा विषय निघाला नाही असं होत नाही. साबण कुठल्याही रंगाचा असो, दोघी मुलींनी करडाला तीनदा फेस काढून धुतलं, टॉवेलने कोरडं केलं, आणि ते अत्तराच्या दुकानासारखं घमघमत गोठ्याकडे निघालं.

मावशीने ठेवणीतले कपडे घातले होते. बायकोने कॅमेरा धरला. मापसाहेबांनी "चला" म्हणून हात खाली केला आणि थोरलीने करडू सोडलं. ते वेड्यासारखं पाय फेकत, शेपटी हलवत थेट आईकडे धावलं. शेळीने मान वळवली. करडाला एकदा हुंगलं, नाक झटक्यात मागे घेतलं, आणि खाली मान घालून अशी ढुशी दिली की करडू दोन कोलांट्या खाऊन कडब्यात पडलं.

ते उठलं आणि पुन्हा गेलं. पुन्हा ढुशी.

"ही काय चेष्टा करते काय?" मापसाहेब म्हणाले.

मावशीने करडाला उचललं, वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "काय लावलंत याला?"

दोघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. साबणाचा वासच काय तो सांगत होता. करडू मावशीच्या हातातून आईकडे मान लांबवून बें बें करत होतं आणि आई दुसरीकडे तोंड करून रवंथ करत होती.

मावशीने पदरचे चार शब्द सुनावले. त्यातले दोन मुलींसमोर बोलायचे नव्हते. दुसऱ्या शेळ्याही करडाला जवळ येऊ देईनात. गोठ्यात ठेवलं तर लाथा खाईल, दूध तर मिळणारच नाही. तिने करडू मापसाहेबांच्या कोटाला टेकवलं. "आई घेईपर्यंत आई तुम्ही."

असा बोलक्या करडाचा पिक्चर बंद पडला आणि करडू तिसऱ्या मजल्यावर राहायला आलं.

जिन्यात सेक्रेटरी भेटलेच. त्यांनी करडाकडे पाहिलं, मापसाहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अर्ज?"

मापसाहेबांनी आयुष्यात कधी नियमाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पण छातीशी धरलेलं ते धडधडणारं गाठोडं आणि मागे उभ्या दोन मुली. ते म्हणाले, "पाहुणा आहे."

"किती दिवस?"

"आई घरात घेईपर्यंत."

सेक्रेटरींनी यावर विचार केला. पाहुण्यांबद्दल नियमांत काही नव्हतं. ते बाजूला झाले, पण "जिना" एवढंच म्हणून त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं. पायरीवर लेंड्या होत्या.

पुढचे दिवस घराला आठवणीत पुरून उरले. करडू न्हाणीघरात झोपायचं आणि पहाटेपासून ओरडायचं. थोरली त्याला दुधाची बाटली धरायची. अर्धं दूध त्याच्या पोटात, अर्धं तिच्या फ्रॉकवर. पडद्याची झालर गेली. बायकोला एक्स्चेंजमध्ये शेजारची ऑपरेटर म्हणाली, "तुमच्या घरी काही जनावर वगैरे आहे का?" त्यावर बायको तिच्या त्या सुप्रसिद्ध आवाजात म्हणाली, "आपण लाइनवर राहा." सगळी इमारत येऊन सल्ले देऊन गेली. कुणी म्हणे शेळीचे डोळे बांधा, कुणी म्हणे अंधारात सोडा, आणि काका म्हणे करडाला दुसरी एखादी भूमिका द्या. आता त्या इमारतीत लिफ्ट आहे, आणि शेजारच्या घरात कोण राहतं हे विचारावं लागतं. तेव्हा जिना होता आणि प्रत्येक मजल्यावर एक मत होतं.

या सगळ्यात मापसाहेबांना खरा त्रास धाकटीचा होता. तिचं करडाच्या वतीने बोलणं थांबलं नव्हतं. संध्याकाळी ते बाबांच्या पायाशी येऊन बसलं की ती त्याच्या कानाजवळ तोंड नेई. "करडू विचारतंय, आई मला विसरली का?"

"नाही गं. तिला फक्त वास..."

"करडू म्हणतंय, मग ती कधी घेणार?"

'पुढच्या रविवारी' हे शब्द मापसाहेबांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली.

गुरांच्या दवाखान्यात खिडकीपलीकडच्या कारकुनाने केसपेपर पुढे ओढला. "रुग्ण कोण?"

"हे करडू."

"काय होतंय?"

"त्याला काही होत नाही. त्याची आई त्याला ओळखत नाही."

"मग रुग्ण आई. आईला आणा."

मापसाहेब स्वतः कारकुनांच्या खात्यातले. युक्तिवाद त्यांना पटला, हे त्यातलं दुःख. दुसऱ्या दिवशी मावशी शेळी घेऊन आली.

"हिला काय होतंय?"

"करडाला ओळखत नाही."

"ते करडाच्या केसपेपरवर येईल."

"करडाचा केसपेपर तुम्ही काल केला नाही."

"करडाला काल काही होत नव्हतं."

मावशीने शेळीची दोरी खिडकीच्या गजाला बांधली आणि ती आत निघून गेली. शेळी कारकुनाच्या टेबलावरचा टाक चाटायला लागल्यावर डॉक्टर आपण होऊन बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं, करडाला हुंगलं. "शेळी करडाला डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखते. नुसत्या पाण्याने धुवा, तिचंच दूध काढून याच्या अंगाला चोळा, आणि रोज तिच्यापुढे न्या. वेळ लागेल." मग पुन्हा एकदा हुंगून म्हणाले, "साबण मात्र चांगल्यापैकी दिसतोय."

मग रोज संध्याकाळी ती वरात निघू लागली. पुढे करडू घेतलेली थोरली, तिच्यामागे दुधाची वाटी घेतलेली बायको, मग ऑफिसातून आलेले मापसाहेब आणि त्यांचं बोट धरून धाकटी. एके दिवशी दार उघडलं तर सेक्रेटरी उभे. मापसाहेबांनी मनातल्या मनात घर बदललंसुद्धा. सेक्रेटरींच्या हातात मेंदीच्या कोवळ्या फांद्यांचा भारा होता.

"छाटणी करायचीच होती," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "खात असेल तर बघा." आणि तेही मागोमाग चालू लागले.

शेळी पहिल्यांदा ढुशी द्यायची. मग नुसतंच ढकलू लागली. मग एक दिवस तिने काहीच केलं नाही, फक्त तोंड फिरवलं. त्या दिवशी घरी येताना सगळ्यांना फार आनंद झाला होता. इतक्यात मामा सुटीवर आला, कॅमेऱ्याच्या भिंगावर करडाच्या जिभेचा डाग बघून त्याने टेप तेवढी काढून दिली, कॅमेरा पेटीत भरला आणि पेटी आपल्या खोलीवर नेली. मापसाहेबांना त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. पिक्चर काढायचा होता हेच ते विसरून गेले होते.

आणि त्यानंतरच्या एका संध्याकाळी, काही खास घडेल असं कुणाच्याही मनात नसताना, शेळीने करडाला हुंगलं. पुढून हुंगलं, मागून हुंगलं. मान वर करून थोडा वेळ पत्र्याकडे बघत उभी राहिली, जणू काहीतरी आठवतंय पण नेमकं काय ते आठवत नाही. मग तिने पाय थोडे फाकवले. करडू खाली घुसलं.

गोठ्यात चुरुचुरु दूध ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. सेक्रेटरींनी चष्मा काढला होता. मापसाहेब केव्हा खाली बसले ते त्यांना कळलं नाही. कशावर बसले ते घरी आल्यावर कळलं.

रिकाम्या हातांनी ते चौघे परत आले. न्हाणीघर बायकोने धुऊन घेतलं. त्या पहाटे कुणी ओरडलं नाही, तरी सगळे जागे झाले.

पिक्चर दाखवल्याशिवाय काका थोडेच सोडणार? मामाने कुठून तरी व्हिडिओ मशीन पैदा केलं आणि काकांच्या बाहेरच्या खोलीत सगळी इमारत दाटीवाटीने बसली. मावशी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत. ती टेप पुढे ओलीने खराब झाली, मशीनही कुठलं कुठे गेलं. पण पाहणाऱ्यांना ती पाठ होती. आकाश, मग मापसाहेबांचं बोट, मग करडाचा एक कान. मावशी बराच वेळ दिसली, कारण तिने "मी दिसते ना?" असं सारखं विचारलं होतं. धाकटीच्या आवाजात करडू म्हणालं, "आई, मी इथाय. तू कुठाय?" आणि खोलीत कुणीतरी नाक ओढलं. मापसाहेब कोट उडवत धावले तेव्हा मामा खुर्चीवरून पडता पडता वाचला. शेवटी घमघमणारं करडू आईकडे झेपावलं, ढुशी खाऊन कोलमडलं, उठलं, पुन्हा कोलमडलं. आणि पडदा निळा झाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "संपला? असा?"

मापसाहेबांची मान खाली गेली. एवढा खटाटोप करून आपण मुलींना अर्धाच पिक्चर दिला, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात धाकटी उठली. ती निळ्या पडद्यापुढे जाऊन उभी राहिली, हात मागे बांधले आणि सांगायला लागली. न्हाणीघर सांगितलं, खिडकीवरचा कारकून सांगितला, मेंदीचा भारा सांगितला. सेक्रेटरी त्या वेळी छताकडे बघत होते. शेळीने तोंड फिरवलं तो दिवस सांगितला. मग तिचा आवाज हळू झाला.

"मग आईने त्याला हुंगलं. पुढून आणि मागून. आणि जवळ घेतलं."

काका पुढे सरकले. नाटकाचा शेवटचा क्षण ते ओळखत होते. "आणि मग करडू काय म्हणालं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. एवढं मोठं माणूस आणि एवढंही कळू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"काही नाही म्हणालं," ती म्हणाली. "त्याच्या तोंडात दूध होतं."